दुष्काळ सरला, अधिभार राहिला

सोलापुरात पेट्रोलचा जो दर आपण पंपावरच्या फलकावर वाचतो, त्यात ५ रुपये १२ पैशांचा एक तुकडा असतो. तो राज्य सरकारचा आहे, मूल्यवर्धित कराच्या टक्केवारीहून वेगळा आहे आणि दर लिटरमागे ठरलेला आहे. कच्चे तेल महाग होवो की स्वस्त, त्यात काही फरक पडत नाही. हा तुकडा आज नेमका कशासाठी घेतला जातो असे विचारले, तर पंपावरच्या व्यवस्थापकाला सांगता येत नाही, माझ्या ओळखीच्या करसल्लागाराला सांगता येत नाही, आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब वर्षानुवर्षे पाहत आलो असूनही मलाही सांगता येत नाही. त्याची पूर्वीची कारणे मात्र सांगता येतात. ती ओळीने मांडली की पेट्रोल महाग का, याचे उत्तर आखातातल्या तेलविहिरींपेक्षा आपल्याच अर्थखात्यात अधिक सापडते.

२०१५ च्या पावसाने मराठवाड्याबरोबर आमच्या जिल्ह्यालाही दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उजनीचा उपयुक्त साठा संपून धरणाची पातळी वजा आकड्यांत वाचली जाऊ लागली. त्याआधीच, २०१५ च्या सप्टेंबरअखेरीस, दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा जादा अधिभार लावण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता. मद्य, सिगारेट आणि सोने यांवरचा करही तेव्हा वाढवण्यात आला आणि या साऱ्यांतून सुमारे १,६०० कोटी रुपये उभे करायचे होते. सोलापूरकराने त्या अधिभाराला नावे ठेवावीत असे काही नव्हते, कारण पाणी आमच्याकडेच नव्हते आणि मदतही आमच्याकडेच यायची होती. पंपावर कुरकुर झाली, पण ती कुरकुरीपुरतीच.

२०१६ चा पावसाळा बरा झाला. अधिभार गेला नाही. उलट २०१७ च्या एप्रिलमध्ये पेट्रोलवरचा लिटरमागचा अधिभार ६ रुपयांवरून ९ रुपये झाला, आणि या वेळचे कारण दुष्काळाचे नव्हते. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील दारूची दुकाने बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १ एप्रिलपासून लागू झाला होता, त्यामुळे राज्याचा मद्यावरचा महसूल बुडणार होता, आणि ती तूट पेट्रोलमधून भरून काढायची होती. आयुष्यात कधी बाटलीला हात न लावलेल्या माणसाने दुचाकीत पेट्रोल भरताना दारूचा बुडालेला महसूल भरावा, यातला विनोद तेव्हाही लोकांच्या लक्षात आला होता. त्याच वर्षी न्यायालयाने नगरपालिका हद्दींबाबत खुलासा केला आणि बरीचशी दुकाने पुन्हा उघडली. अधिभार मात्र पुढे कधी दोन रुपये खाली, कधी दोन रुपये वर, असा चालूच राहिला. १ जून २०२० रोजी टाळेबंदीने राज्याची तिजोरी कोरडी पडल्याचे कारण देऊन तो ८.१२ वरून १०.१२ रुपये करण्यात आला. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने त्यातले ५ रुपये कमी केले आणि उरले ते हे ५.१२.

माझा आक्षेप कराला नाही, कारण संपल्यावरही कर राहतो याला आहे. दुष्काळ, दारूबंदीची तूट आणि महामारी ही तिन्ही कारणे लावताना खरी होती. पण त्यातले एक संपले की दुसरे हजर, आणि पहिल्या कारणासाठी घेतलेली रक्कम त्याच खात्यावर शिल्लक! खासगी कारखान्यात कोणी असे केले, म्हणजे एखादा खर्च एका कामाच्या नावावर दाखवून काम संपल्यावरही तो तसाच चालू ठेवला, तर लेखापरीक्षक पहिल्याच दिवशी लाल शाईने खूण करतो.

केंद्राची कथा आकड्यांनी मोठी असली तरी वळण तेच आहे. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चे तेल घसरत होते, तेव्हा पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवून ९.४८ वरून २१.४८ रुपये करण्यात आले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त करताना बाजारभाव चढेल तसे तुम्हीही जास्त द्या आणि उतरेल तसे कमी द्या, असे आपल्याला सांगितले होते. भाव चढताना आपण जास्त दिले. भाव उतरला तेव्हा मधला फरक शुल्काने उचलला. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले, तेव्हा तरी रोजचा चढउतार खरा दिसेल असे वाटले होते. परंतु नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात, म्हणजे पाच राज्यांच्या निवडणुका आटोपेपर्यंत, रोज बदलणारा हा दर साडेचार महिने जागचा हलला नाही आणि २२ मार्चपासूनच्या सोळा दिवसांत चौदा वेळा वाढून दहा रुपयांनी वर गेला. दर कोण ठरवते याविषयी तेल कंपन्या आणि सरकार दोघेही ताकास तूर लागू देत नाहीत, पण दिनदर्शिका सगळे सांगून जाते.

२०२० चा उन्हाळा आमच्या शहराच्या स्मरणात वेगळ्या कारणाने आहे. यंत्रमाग बंद होते, विडी कामगारांच्या घरी पाने-तंबाखू पोहोचत नव्हती आणि रस्ते ओस पडले होते. त्या एप्रिलमध्ये भारत विकत घेतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपामागे २० डॉलरच्या खाली गेला. पेट्रोल तेव्हा निम्म्या दराने मिळायला हरकत नव्हती. मार्चमध्ये ३ रुपये आणि मे महिन्यात १० रुपये, अशी केंद्राने उत्पादन शुल्कात वाढ केली आणि ते ३२.९८ रुपये झाले. पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्काची वसुली २०१९-२० मध्ये सुमारे २.२३ लाख कोटी होती, ती २०२०-२१ मध्ये सुमारे ३.७३ लाख कोटींवर गेली, आणि ही वाढ ज्या वर्षात झाली त्या वर्षात देशातली निम्मी वाहने कित्येक आठवडे अंगणात उभी होती. आधीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी दिलेले तेलरोखे फेडायचे आहेत, हा युक्तिवाद तेव्हा पुष्कळ ऐकू आला. त्या रोख्यांची मूळ रक्कम सुमारे १.३ लाख कोटी होती. एकाच वर्षातली वाढीव वसुली तिच्याहून अधिक भरते, हे गणित सातवीतल्या मुलालाही करता येईल.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी झाले, हेही नोंदवले पाहिजे, आणि २०२२ च्या युक्रेन युद्धात कच्चे तेल भडकले असताना पंपावरचा दर रोखून धरला गेला, हेही. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत हिंदुस्थान पेट्रोलियमला दहा हजार कोटींहून अधिक तोटा झाला होता. मात्र २०२३-२४ या वर्षात तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा कमावला, तेव्हा ग्राहकाच्या पदरात पडले ते मार्च २०२४ मधले २ रुपये. एप्रिल २०२५ मध्ये उत्पादन शुल्क पुन्हा २ रुपयांनी वाढून २१.९० झाले, दर वाढला नाही म्हणून कोणाला कळले नाही, परंतु दर जो कमी व्हायला हवा होता तो झाला नाही, म्हणजे पैसे आपल्याच खिशातून गेले.

२०२५ मधल्या या २१.९० रुपयांची फोड पाहण्यासारखी आहे. मूळ उत्पादन शुल्क त्यात फक्त १ रुपया ४० पैसे आहे. उरलेले १३ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, ५ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि अडीच रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर. नावांची ही विभागणी सहज झालेली नाही. मूळ शुल्कात राज्यांना वाटा द्यावा लागतो, उपकर आणि अधिभारात द्यावा लागत नाही. वित्त आयोगाने ठरवलेला ४१ टक्के वाटा त्या १.४० वरच लागू होतो, म्हणजे एका लिटरमागे देशातल्या सर्व राज्यांना मिळून ५७ पैसे. मग राज्ये आपली वेगळी चूल मांडतात, आणि जळण आपणच पुरवतो.

आता राज्याची बाजू. आपल्याकडे पेट्रोलवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि वर ते ५.१२ रुपये असा आकार आहे. मुंबई-ठाण्याचा दर एक टक्क्याने जास्त होता, तोही जुलै २०२४ पासून २५ वर आला. ही टक्केवारी ज्या किमतीवर लागते तिच्यात केंद्राचे उत्पादन शुल्क आधीच मिसळलेले असते. २१.९० चे २५ टक्के म्हणजे सुमारे ५ रुपये ४७ पैसे, हा निव्वळ करावर बसलेला कर. करावर कर बसू नये म्हणून वस्तू व सेवा कर आणला, असे १ जुलै २०१७ च्या आगेमागे आमच्या कारखान्यात येऊन अधिकाऱ्यांनी समजावले होते आणि सुताच्या, रंगाच्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या बाबतीत ते खरेही झाले. पेट्रोल आणि डिझेल त्या व्यवस्थेच्या बाहेर राहिल्यामुळे टेम्पोच्या डिझेलवर भरलेला कर आम्हाला कोठेच वळता करून घेता येत नाही. तो भाड्यात शिरतो, भाड्यातून टॉवेलच्या किमतीत, आणि तिथे तो कोणाच्या नजरेसही पडत नाही.

एकूण हिशेब साधारण असा बसतो. २०२५ मधल्या १०४-१०५ रुपयांच्या लिटरमध्ये तेलाची कारखान्यातून निघतानाची किंमत वाहतुकीसह ५३ रुपयांच्या आसपास, पंपचालकाचे कमिशन साडेचार रुपयांच्या आत आणि उरलेले सुमारे ४७ रुपये दोन्ही सरकारांचे. शंभराची नोट दिली तर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास कर. पाकणीचा इंधन डेपो शहराच्या उशालाच असल्याने वाहतुकीचा बोजा आमच्यावर त्यामानाने कमी पडतो. परभणीसारख्या, डेपोपासून लांबच्या गावांना तोही सोसावा लागतो.

ही फोड ग्राहकाला पंपावर दिसत नाही, आणि मला सर्वांत खटकते ते हेच. पंपावरची पावती बोटभर रुंदीची, उन्हात राहिली की आठवडाभरात कोरी पडणारी. तिच्यावर नोझलचा क्रमांक, वेळ, दर, लिटर आणि रक्कम असते. कराची ओळ नसते. कारखान्यात एखादे बिल कराची ओळ न दाखवता आले तर मी ते परत पाठवतो. हॉटेलात दोन इडल्या खाल्ल्या तरी कर वेगळा छापून मिळतो. वीज बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशी उतरंडच रचलेली असते. रोजच्या खरेदीत ज्या वस्तूवर सर्वांत जास्त कर आपण भरतो, तिच्याच पावतीवर त्याचा उल्लेख नसावा, हे विसरण्यातून घडत नाही. केंद्र उत्पादन शुल्क लावते तेव्हा राज्याकडे बोट दाखवते, राज्य कर्नाटकाकडे किंवा केंद्राकडे बोट दाखवते, आणि ही बोटे दाखवण्याची सोय टिकते ती पावती मुकी असल्यामुळे. तीन ओळी छापायला यंत्रात फारसा बदल लागत नाही.

इंधनावर कर असावा, वाहन चालवणाऱ्याने रस्त्याचा आणि धुराचा खर्च उचलावा, हे म्हणणे मला तत्त्वतः मान्य आहे. पण जिथे बस मिळते त्या गावी ते शोभते. आमच्या महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची काय अवस्था आहे, हे सात रस्त्यावर किंवा अशोक चौकात उभे राहून पाहावे. कुंभारीच्या विडी घरकुलातून एमआयडीसीत येणाऱ्या कामगाराला दुचाकी ही चैन नाही, ती नसेल तर कामाची पाळी चुकते आणि ती चुकली तर मजुरी बुडते. रस्त्याचा खर्च म्हणावा तर पुण्याला जाताना सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस येथे टोल वेगळा भरावा लागतोच; त्या आधी वाहन घेतानाचा रस्ता कर आणि दर लिटरमागचा रस्ते उपकर भरलेला असतो.

आमच्या कारखान्यातले बहुतेक कामगार लिटरमध्ये पेट्रोल मागतच नाहीत. ‘काका, पन्नासचं टाका’ किंवा पगाराच्या आठवड्यात ‘शंभरचं टाका’, असेच ते म्हणतात. ‘झिरो बघा’ असे म्हणून पंपावरचा मुलगा नोझल दाबतो आणि बोलणे पुरे व्हायच्या आत आकडा थांबतो. पन्नास रुपयांत आता अर्धा लिटरही येत नाही. दरवाढ या माणसाला वाढलेल्या बिलाच्या रूपाने भेटत नाही, कारण तो खर्च वाढवतच नाही. ती त्याला बुधवारी रात्री, रिझर्व्ह लागल्यावर भेटते. एका मागवाल्याला मी हे करांचे गणित समजावून सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, म्हणजे पन्नासमधले बावीस-तेवीस सरकारचे, आणि गाडी मात्र सत्तावीसवरच पळती की!’ मला इतके नेमके सांगता आले नव्हते.

सीमेवर राहण्याचा एक फायदा म्हणजे तुलना आयती मिळते. विजयपूर रस्त्याने टाकळीजवळ भीमा ओलांडली की धूळखेड, म्हणजे कर्नाटक. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या कपातीबरोबर कर्नाटकाने स्वतःचे आणखी सात रुपये कमी केले, महाराष्ट्राने तेव्हा काहीच केले नाही, आणि नदीच्या दोन तीरांवरच्या दरांत नऊ-दहा रुपयांचे अंतर पडले. ट्रकवाले टाक्या पलीकडेच भरू लागले आणि अलीकडच्या पंपचालकांवर माश्या मारायची वेळ आली. राज्याने जो कर टिकवण्याचा हट्ट धरला, तो न विकल्या गेलेल्या डिझेलवर त्याला मिळालाच नाही. जुलै २०२२ मधल्या आपल्या कपातीने हे अंतर कमी झाले, आणि जून २०२४ मध्ये कर्नाटकाने आपला कर सुमारे तीन रुपयांनी वाढवला तेव्हा ते जवळजवळ मिटले. उरलेल्या अंतरापुरती स्वस्त तीराने महाग तीराशी बरोबरी केली.  अंतर मोठे होते त्या काळातल्या लोकभावनेची कल्पना यायची तर १४ एप्रिल २०२२ आठवावा: आंबेडकर जयंतीला येथील एका संघटनेने महागाईच्या निषेधार्थ पाचशे जणांना एक रुपयात एक लिटर पेट्रोल दिले होते. दर तेव्हा १२० च्या घरात होता आणि रांग आवरायला पोलीस लागले होते.

होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचेही सांगतो, मग पुढे जातो. तो उडान योजनेत आहे, आणि त्या योजनेतल्या विमानतळांवर विमानाच्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर १ टक्का किंवा त्याहून कमी ठेवण्याचे राज्यांनी मान्य केले आहे. शहराला विमानसेवा हवी होती, त्यात मला आनंदच आहे. पण त्या कुंपणाबाहेरून जाणाऱ्या दुचाकीला २५ टक्के आणि वर अधिभार, हे जरा डोळ्यांत खुपते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे याबद्दल वाईट बोलणे कठीण. माढा-पंढरपूर भागातल्या ऊसवाल्याला त्याचा आधार आहे, आणि असावा. मात्र नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकींची कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी घटू शकते. तेवढ्याच अंतराला लिटर जास्त लागले की लिटरमागचा अधिभारही जास्त बसतो, याचा विचार दर ठरवताना झाल्याचे दिसत नाही.

पेट्रोल वस्तू व सेवा करात आणा, हा उपाय सगळेच सुचवतात. घटनेत त्याची सोय आहे, फक्त तारीख वस्तू व सेवा कर परिषदेने ठरवायची आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि ही वेळ नव्हे म्हणून मिटवला गेला. मला तो लवकर होईलसे वाटत नाही. २०१७ नंतर राज्यांच्या हातात स्वतःच्या मर्जीने वाढवता येतील असे कर फार थोडे उरले: इंधन, मद्य, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क. त्यातले इंधन सर्वांत सोपे, कारण ते रोज लागते आणि वसुली मोजक्या तेल कंपन्यांकडून एकगठ्ठा होते. अशी दुभती गाय कोणता अर्थमंत्री सोडेल? म्हणून मी तेवढे मागत नाही. एखाद्या कारणासाठी अधिभार लावायचा असेल तर तो लावतानाच संपण्याची तारीख अधिसूचनेत लिहावी, आणि पुढे चालू ठेवायचा असेल तर विधिमंडळासमोर नव्याने कारण सांगून मंजुरी घ्यावी. २०१५ चा दुष्काळ अधिभार ३१ मार्च २०१६ ला आपोआप संपला असता, तर २०१७ मध्ये दारूची तूट भरून काढायला सरकारला उघडपणे यावे लागले असते, आणि तेव्हा निदान प्रश्न विचारला गेला असता.

तोपर्यंत लोक आपापल्या परीने वाट काढत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे गाडी घेणे सोपे झाले, चालवणे नाही. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत विजेच्या स्कूटर दिसू लागल्या आहेत आणि स्टेशनवर बिनआवाजाच्या रिक्षाही. पेट्रोलचा खप या मार्गाने घटू लागला की ४७ रुपयांचा हा झरा आटत जाईल आणि दोन्ही सरकारांची नजर विजेच्या मीटरकडे वळेल, याबद्दल मला शंका नाही. घरगुती विजेवर १६ टक्के शुल्क आपल्या राज्यात आजही आहेच. ते बिलावर वेगळे छापलेले असते, त्यामुळे वाढले तर त्याच महिन्यात कळेल.